कोकणातल्या मालकी रानात ट्रेल कॅमेरा: जागा हेरण्यापासून कार्ड वाचण्यापर्यंत

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातलं बरंच रान सरकारी नाही, सातबाऱ्यावर कुणा ना कुणाचं नाव आहे. काजूची बाग संपते तिथे रान सुरू होतं, मधे एखादा व्हाळ (ओढा), वर सडा (कातळाचं पठार). मुंबई-पुण्यात राहणारे मालक मे महिन्यात येतात, गडी सांगतो की रात्री गवे उतरले होते, माडाखाली साळिंदराचे काटे मिळतात, आणि मग घरातलं कुणीतरी ऑनलाइन ट्रेल कॅमेरा मागवतं, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. तो झाडाला बांधला जातो. आठवड्याने कार्ड काढलं की हजारभर फोटो निघतात, सगळे हलणाऱ्या पानांचे. कॅमेऱ्याची रवानगी कपाटात.

दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. ही यंत्रं मुळात अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांची गरज ओळखून बनली. थंड हवा, विरळ झाडी, मोठा प्राणी हे त्यांचं गृहीतक. सोबतचं माहितीपत्रक आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ तेच धरून चालतात. आपल्याकडे एप्रिलात हवा प्राण्याच्या अंगाइतकी तापते, जूनपासून आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि आज साफ केलेली जागा पंधरवड्यात पुन्हा हिरवी होते. तेव्हा उष्णता, पाणी आणि पाला या तिघांचा विचार आधी, बाकी सगळं नंतर.

आधी परवानगी आणि माणसं

स्वतःच्या जमिनीवर कॅमेरा लावायला सहसा अडचण येत नाही, पण बीटच्या, म्हणजे त्या भागाच्या, वनरक्षकाला सांगून ठेवा. त्याला रानात अनोळखी यंत्र दिसलं तर तो काढून नेईल, आणि त्याचं चुकणार नाही. राखीव वनात लावायचा असेल तर उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय हा विषय काढूच नका. तिलारीचं जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं आहे, तेव्हा ‘आमच्या लहानपणी तर कुणी विचारत नव्हतं’ हे तिथे चालायचं नाही. हद्द नक्की कुठे आहे ते नकाशावर बघून घ्या. रानात ती दिसत नाही.

माणसांचा मुद्दा याहून महत्त्वाचा. रानातल्या वाटेने बायका लाकूडफाट्याला जातात, व्हाळावर धुणं धुतात, आडोशालाही जातात. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा स्थानिक बायकांना त्रास कसा झाला, त्यावर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा वाडीत आधी सांगा, कोणत्या झाडाला कॅमेरा आहे ते दाखवा, तिथे मराठीत पाटी लावा, आणि बायकांची रोजची वाट असेल ती जागा सोडून द्या. माणसाचा फोटो आला तर तो कुणाला न दाखवता पुसायचा. पाटीमुळे कॅमेरा चोरीला जाईल ही भीती असते. माझ्या मते लपवलेला कॅमेराच जास्त चोरीला जातो, कारण तो सापडला की लोकांना संशय येतो.

एकच अपवाद. बंदूक घेतलेला माणूस किंवा फासकी दिसली तर फोटो जपून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गावात त्याची चर्चा करू नका.

यंत्राला काय कळतं

ट्रेल कॅमेऱ्याला प्राणी ‘दिसत’ नाही. पुढच्या गोल, खवलेदार भिंगामागे उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. त्याच्या समोरचा भाग पट्ट्यापट्ट्यांत विभागलेला असतो, आणि मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की तो कॅमेरा जागा करतो. म्हणजे दोन गोष्टी हव्यात: तापमानातला फरक आणि हालचाल.

त्यातून पुढचं बरंच काही आपोआप सुटतं. आडवा जाणारा प्राणी चटकन पकडला जातो, थेट कॅमेऱ्याकडे चालत येणारा उशिरा. पहाटे सहा-सात मीटरवरचं भेकर टिपणारा कॅमेरा एप्रिलच्या दुपारी तीन मीटरवरच्या गव्यालाही चुकवू शकतो, कारण तापलेला कातळ आणि गव्याची कातडी यांत सेन्सरला फरक लागत नाही. आणि उन्हात तापलेलं पान वाऱ्याने हललं की त्याला तो प्राणी वाटतो. ते हजार रिकामे फोटो इथूनच येतात. साप, सरडे, बेडूक मात्र विसरा; त्यांचं अंग भोवतालाइतकंच गरम किंवा गार असतं.

विकत घेताना

मेगापिक्सेलचे आकडे बघू नका. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत ते फुगवलेले असतात. बघायचा तो ट्रिगरचा वेग. प्राणी कळल्यापासून फोटो निघेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत काम व्हायला हवं. वाटेवर लावलेला एक सेकंदाचा कॅमेरा शेपट्यांचा संग्रह देतो.

दुसरं, रात्रीचा फ्लॅश. तो इन्फ्रारेड असतो, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा उजेड. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड टाकतात, पण पेटताना मंद लाल ठिपके दिसतात. ९४० चे दिवे दिसत नाहीत, पण पल्ला कमी. कोकणातल्या दाट रानात दहा मीटरपलीकडे तसंही काही दिसत नाही, म्हणून ९४० घ्या. चोरालाही तो दिसत नाही. दोन्हींत रात्रीचे फोटो काळेपांढरेच येतात. यात एक गंमत आहे. काळा बिबट्या दिवसाच्या फोटोत नुसता काळा दिसतो, पण इन्फ्रारेड उजेडात त्याच्या अंगावरचे ठिपके उमटतात आणि त्यावरून दोन काळे बिबटे वेगळे ओळखता येतात. सिंधुदुर्गात काळे बिबटे आहेत, तेव्हा हे निव्वळ पुस्तकी ज्ञान नाही.

तिसरं, दाराचं रबर. कॅमेरा उघडून कडेने बोट फिरवा. रबर सलग, मऊ आणि खाचेत घट्ट बसलेलं हवं. सोबत फोटो दाखवणारा छोटा पडदा असेल तर उत्तम, रानातच चौकट तपासता येते. सिमकार्डाचे कॅमेरे आले आहेत, पण रेंज नसलेल्या घळीत त्यांचा उपयोग शून्य. पैसे मोजके असतील तर एक भारी कॅमेरा घेण्यापेक्षा मध्यम प्रतीचे दोन घ्या.

जागा हेरणं

इथे घाई करायची नाही. कॅमेरा घरी ठेवून आधी रान फिरा, आणि एकटे नको, तिथे रोज जाणाऱ्या माणसाला घेऊन. ‘हयसून डुकर उतारतत’ असं त्याने बोट दाखवून सांगितलं की तिथे खरंच डुकरं उतरतात.

बघायचं काय? व्हाळाच्या काठची ओली वाळू आणि चिखल, कारण खूर आणि पंजे तिथेच टिकतात. डुकरांची लोळण, आणि तिच्याशेजारच्या झाडाच्या बुंध्याला लागलेला वाळका चिखल. तो किती उंचीवर आहे त्यावरून अंग घासणारा केवढा होता ते कळतं. कातळावर किंवा वाटेच्या मधोमध पडलेली उदमांजराची विष्ठा, काजूच्या दिवसांत बोंडाच्या चोथ्याने आणि एरवी फळांच्या बियांनी भरलेली. बिबट्या वाटेच्या कडेला मागच्या पायांनी माती उकरून खूण करतो. अशी खूण असलेली वाट तो पुन्हा वापरतो. तिलारीच्या बाजूला व्हाळाच्या खडकावर माशाखेकड्यांचे तुकडे असलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर ती पाणमांजरांची.

मग फळं. उंबर पिकला की झाडाखाली रात्रभर वर्दळ असते. बेहड्याखाली भेकर आणि सांबर, कुंभ्याखाली साळिंदर. मार्च ते मे काजूच्या बागेत खाली पडलेली बोंडं खायला उदमांजर, साळिंदर, माकडं, गवे सगळेच येतात, आणि बागेच्या कडेला लावलेला कॅमेरा आत रानात लावलेल्यापेक्षा जास्त काम देतो. लोकांना हे पटत नाही. कॅमेरा जितका खोल रानात तितका प्राणी दुर्मीळ, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात जनावराला चालायला सोपी वाट लागते. बिबट्यासुद्धा काटेरी झुडपातून जाण्यापेक्षा गुरांच्या वाटेने किंवा बैलगाडीच्या जुन्या रस्त्याने जातो. दोन वाटा मिळतात ती जागा, व्हाळ ओलांडायचा उतार, दोन टेकड्यांमधली खिंड, दगडी गडग्याला (कुंपणाला) पडलेलं खिंडार: प्राण्याला तिथूनच जावं लागतं अशी चिंचोळी जागा शोधा.

फेब्रुवारीनंतर पाणवठा ही सगळ्यात सोपी जागा. व्हाळ आटतो तेव्हा एखाद्या कोंडीतच पाणी उरतं. पण तिथे कॅमेरा पाण्यापासून जरा लांब, येणाऱ्या वाटेवर लावा. ऐन काठावर लावला तर दिवसभर पाण्यावरची उन्हाची चमक आणि पक्षी कार्ड भरून टाकतात. शिवाय पाण्यावर प्राणी आधीच बिचकलेला असतो.

आमिष ठेवू नका. मीठ, कोंबडीची आतडी, फणस, काहीही नाही. घराजवळच्या रानात बिबट्याला खाण्याची सवय लावणं ही शेजाऱ्याच्या कुत्र्याशी आणि पोराबाळांशी खेळ करण्यासारखी गोष्ट आहे. आणि आमिषावर आलेल्या प्राण्याच्या फोटोवरून तो एरवी तिथे येतो की नाही, हेही कळत नाही.

बांधणी

मनगट-दंडाएवढं झाड नको, वाऱ्याने हलतं. मांडीएवढा तरी बुंधा हवा. वाटेपासून तीन-चार मीटर मागे. भिंग गुडघ्याच्या जरा वर, चाळीस ते पन्नास सेंटिमीटर. या उंचीवर बिबट्याची कूस, भेकर, डुक्कर, साळिंदर सगळे बसतात. वाघाटी मांजर, मुंगूस, पिसोरी हरीण असे लहान जीव हवे असतील तर तीस सेंटिमीटर. कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर बांधून खाली वाकवलेला कॅमेरा मला फार ठिकाणी दिसतो. त्यात फक्त गव्याची पाठ येते.

तोंड शक्यतो उत्तरेला. पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवलं तर उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो, आणि प्राणी हिंडतात तेही नेमके त्याच वेळी. कॅमेऱ्याचा रोख जमिनीला समांतर हवा. उतार असेल तर उताराप्रमाणे. झाड पुढे किंवा मागे कललेलं असतं, म्हणून कॅमेरा आणि बुंधा यांच्यामधे वर किंवा खाली काटकीची पाचर मारायची. वाटेला काटकोनात लावला तर अंगाची पूर्ण बाजू स्वच्छ मिळते, थोडा तिरका लावला तर प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. बिबट्या ओळखायचा असेल तर समोरासमोर दोन कॅमेरे लागतात, कारण डाव्या कुशीवरचे ठिपके उजवीकडच्यांपेक्षा वेगळे असतात. दोघांना थोडं मागेपुढे सरकवा, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो. व्याघ्रगणनेत जोडीने कॅमेरे लावतात ते याचसाठी. २०२३ च्या डिसेंबरात चांदोलीत टिपलेला वाघ २०२२ मध्ये राधानगरीत दिसलेलाच आहे, हे पट्टे जुळवूनच कळलं.

आता सफाई. कॅमेऱ्यापासून वाटेपर्यंतचं गवत, नेचे, लोंबणाऱ्या वेली, समोर डोलणारं एकेक पान काढा. कोयत्याने सपासप रान मोकळं करू नका. प्राण्याला बदल लगेच कळतो आणि माणसालाही. रोपटं तोडण्यापेक्षा बाजूला वाकवून बांधता येतं. पावसाळ्यात टाकळा आणि कारवी आठवड्यात चौकटीत डोकावतात, तेव्हा सफाई दर फेरीला.

सगळं झालं की चाचणी. कॅमेरा चाचणीच्या मोडवर ठेवा आणि वाटेवरून हातापायांवर रांगत जा. उभं चालून काही कळत नाही, माणूस सहा फुटी असतो आणि साळिंदर नसतो. सेन्सरला तुम्ही कळलात की पुढचा दिवा लागतो. लागला नाही तर रोख खाली करा, पुन्हा रांगा. शेवटी पाटीवर जागेचं नाव, तारीख आणि वेळ लिहून ती भिंगासमोर धरा, एक फोटो निघू द्या. कार्ड काढायच्या दिवशीही तसाच. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं तर याच दोन फोटोंवरून ते सुधारता येतं.

हात घालण्याआधी बुंधा आणि आजूबाजूच्या फांद्या नीट बघा. पावसाळ्यात चापडा साप बरोबर गुडघा ते कमरेच्या उंचीवर, पानांच्या रंगाचा होऊन तासन् तास बसलेला असतो. आणि जानेवारी ते मे या दिवसांत गोचिडीपासून जपा: दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडीतून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले आहेत. अंगभर कपडे, पायमोज्यात खोचलेली पँट, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं.

सेटिंग

वाटेवर एका ट्रिगरला तीन फोटो, दोन ट्रिगरमधलं अंतर शक्य तितकं कमी, कारण पिलं मागून येतात. पाणवठ्यावर किंवा फळझाडाखाली अर्धा ते एक मिनिट अंतर, नाहीतर एकच डुकरांचा कळप कार्ड संपवतो. सेन्सरची संवेदनशीलता उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्याच्या रात्री मध्यम. व्हिडिओचा मोह होतो, पण रात्रीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ बॅटरी फार खातो. वागणूक बघायची असेल त्याच जागी लावा. कार्ड ३२ जीबीचं पुरतं, आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

बॅटरी साध्या अल्कलाइन घातल्या तर दिवसाचे फोटो येत राहतात आणि रात्रीचे आधी काळवंडतात, कारण व्होल्टेज उतरलं की फ्लॅशला जोर राहत नाही. लिथियम पेन्सिल सेल महाग पण शेवटपर्यंत सारखे चालतात. मधला मार्ग म्हणजे चांगल्या प्रतीचे रिचार्जेबल सेल. फक्त कॅमेरा त्यांच्या १.२ व्होल्टवर नीट चालतो ना, ते आधी पडवीत चार रात्री लावून बघा. जुने-नवे सेल एकत्र कधीच नको.

पाणी, मुंग्या, माकडं

पावसाचं पाणी सहसा समोरून आत शिरत नाही. ते बुंध्यावरून ओघळतं, पट्ट्यावरून कॅमेऱ्याच्या पाठीला येतं आणि दाराच्या सांध्यात थांबतं. म्हणून कॅमेऱ्याच्या वर, बुंध्याभोवती सुतळीचा एक घट्ट वेढा घालून तिचं टोक बाजूला लोंबतं ठेवा. पाणी त्या टोकावरून गळून जातं. रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. आत सिलिका जेलची पुडी, आणि दर फेरीला ती बदलायची; जुनी पुडी घरी तव्यावर मंद आचेवर सुकवली की पुन्हा वापरता येते. मुसळधार पावसात कॅमेरा उघडू नका. दोन मिनिटं उघडलेलं दार महिनाभराची दमट हवा आत कोंडतं, आणि मग भिंगाच्या आतून वाफ धरते. तिथे कापड पोहोचत नाही.

मुंग्या हा पावसाइतकाच मोठा शत्रू. कॅमेरा रात्रभर किंचित उबदार राहतो, म्हणून स्पीकरच्या आणि माइकच्या भोकांतून त्या आत अंडी आणून ठेवतात. भोकांवर बारीक जाळीचा तुकडा चिकटवा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लावा. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांचं झाड तर घेऊच नका. वाळवी बुंध्यावरून मातीची नळी बांधत येते आणि सरळ भिंगावरून पुढे जाते. कोळी भिंगासमोर जाळं विणतो, ते फ्लॅशमध्ये पांढरं फक्क दिसतं.

माकडं कॅमेरा वाकवतात, गवे अंग घासतात. चोरीपेक्षा याच्यासाठी लोखंडी पेटी किंवा केबल लॉक उपयोगी. दोडामार्गात हत्तींचा वावर असेल तिथे पेटीचाही उपयोग नाही. २००२ पासून ते कर्नाटकातून येत आहेत, आणि अनोळखी वासाची वस्तू त्यांनी उपटून टाकली तर आपण काही करू शकत नाही. कॅमेरा लावायच्या दिवशी हाताला अत्तर, ओडोमॉस, तंबाखू नको, एवढं तरी पाळा.

कार्ड घरी आल्यावर

पहिल्या फेरीला आठवड्याने जा, फक्त चौकट आणि रिकामे फोटो तपासायला. नंतर तीन-चार आठवडे फिरकू नका. सारखं जाणं हाच मोठा व्यत्यय असतो.

कार्डावरचं सगळं आधी जसंच्या तसं लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवा, मग पुसापुशी. फोल्डरला जागा, कॅमेरा क्रमांक आणि दोन्ही तारखा द्या. रिकामे फोटो हजारांत असतील तर मेगाडिटेक्टर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर प्राणी, माणूस, वाहन आणि रिकामं असे ढीग वेगळे करून देतं. प्राणी कोणता ते मात्र आपणच ठरवायचं, आणि उदमांजर की जवादी मांजर याची खात्री नसेल तर वहीत ‘मांजर, अनिश्चित’ लिहायचं. जवादीच्या शेपटीवर वलयं असतात, उदमांजराची शेपटी एकरंगी गडद. रात्रीच्या फोटोत शेपटी कापली गेली असेल तर उगाच अंदाज ठोकू नका.

मोजताना एक नियम धरा: एकाच जागी अर्ध्या तासाच्या आत आलेले एकाच जातीचे सगळे फोटो म्हणजे एकच नोंद. चार कॅमेरे तीस रात्री चालले तर १२० कॅमेरा-रात्री झाल्या. त्यात भेकराच्या अठरा नोंदी असतील तर शंभर रात्रींना पंधरा. हा आकडा प्राण्यांची संख्या नाही. एकच भेकर अठरा वेळा आलं असेल. रिकाम्या रात्रीही लिहून ठेवा, आणि बॅटरी संपून कॅमेरा बंद राहिलेल्या रात्री हिशेबातून वजा करा. नाहीतर ‘मे महिन्यात सांबर नव्हतं’ असा निष्कर्ष निघतो, आणि खरं म्हणजे मे महिन्यात कॅमेराच नव्हता.

फोटो पाठवताना जागेचं नाव देऊ नका, आणि कॅमेरा किंवा फोन फोटोत जागेची नोंद घालत असेल तर ती काढून टाका. खवले मांजराचा फोटो तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकूच नका, शिकाऱ्यांना सुगावा लागतो. तो वनक्षेत्रपालांना दाखवा, बस्स. बिबट्याचाही वाडीच्या ग्रुपवर टाकण्याआधी विचार करा, कारण दुसऱ्या दिवशी ‘पिंजरा लावा’ अशी मागणी सुरू होते, आणि तो बिबट्या तिथे वर्षानुवर्षं बिनबोभाट ये-जा करत असतो.

दुसऱ्या वर्षीची तुलना करायची असेल तर झाड तेच, उंची तीच आणि पंधरवडाही तोच हवा. म्हणून कॅमेरा काढण्याआधी त्याचे दोन फोटो फोनवर घ्या, एक समोरून आणि एक मागून वाटेकडे बघत, आणि जमिनीपासून भिंगापर्यंतचं माप टेपने घेऊन वहीत लिहून ठेवा.